आड, हौद व बारव (नांदेड–लातूर परिसर)

घराच्या परसात, वाड्याच्या चौकात अथवा देवळाच्या व गढीच्या आवारात खोदलेले वा बांधलेले लहान जलाशय. आड ही व्यासाने लहान, खोलीने अधिक आणि पायऱ्या नसलेली वर्तुळाकार विहीर होय. तिचे पाणी दोर व पोहरा यांच्या साहाय्याने शेंदून काढतात. हौद हे साठवणीचे बांधीव पात्र असून त्यास स्वतःचा झरा नसतो. त्यात पाणी बाहेरून आणावे लागते. बारव म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येईल अशी विहीर. देवळापुढील चौरस व चहूबाजूंनी पायऱ्या असलेल्या जलाशयास पुष्करणी किंवा कुंड म्हणतात. मराठवाड्याच्या पूर्व व दक्षिण भागात, म्हणजे आजच्या नांदेड व लातूर या जिल्ह्यांत (लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यापासून वेगळा झाला), आवारातील जलाशयांची परंपरा दीर्घ आहे. पिण्याचे पाणी, स्नान, पूजा, परसबाग आणि उन्हाळ्यातील गारवा या सर्व गरजा त्यांनी भागविल्या. त्यांचा इतिहास बांधणाऱ्यांचा जितका आहे, तितकाच तो दरवर्षी गाळ काढणाऱ्यांचा व पाण्याची राखण करणाऱ्यांचा आहे. ती राखण थांबली, तेव्हा मजबूत बांधकामेही निरुपयोगी झाली.

भूस्तर व हवामान : हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांपैकी अभंग थरात पाणी मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात साचते. त्यामुळे एका परसात बारमाही आड आणि शेजारच्याच परसात कोरडा खड्डा, असा अनुभव सर्वत्र येतो. भूपृष्ठावरील काळी माती ओली झाल्यावर फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठेवलेला हौद काही वर्षांतच तडकतो. म्हणून जुने गवंडी काळी माती पूर्ण काढून मुरूम वा खडक लागेपर्यंत खोदीत आणि मगच पायाचा दगड बसवीत.

वार्षिक सरासरी पर्जन्यमान लातूरकडे सु. ७०० ते ८०० मिमी. व नांदेडकडे सु. ८०० ते ९५० मिमी. आहे. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. याउलट उघड्या पाण्याचे बाष्पीभवन वर्षभर चालू असते व मे महिन्यात ते सर्वाधिक असते. तीन मी. लांबीरुंदीच्या उघड्या हौदातून दिवसाला ८ मिमी. पाणी उडून जाते असे धरले, तर रोज ७२ लि. पाण्याची हानी होते. दीड मी. व्यासाच्या आडाचा पृष्ठभाग या हौदाच्या पाचव्या हिश्श्याएवढाच असतो. शिवाय त्यातील पाणी खोल सावलीत असते व वारा तेथवर पोचत नाही. या प्रदेशात सामान्य घराने आड का पत्करला आणि उघडा हौद व कारंजे राजवाड्यांपुरते का राहिले, याचे मुख्य कारण या हिशेबात सापडते.

प्राचीन काळ : मान्यखेटचे राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, लट्टलूर म्हणजेच लातूर, असे सामान्यतः मानले जाते. नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटकाळी भरभराटीस आलेले नगर होते. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (कार. ९३९–६७) याच्या काळाशी संबंधित असलेल्या कंधारच्या शिलालेखात जगत्तुंगसमुद्र या तलावाचा उल्लेख येतो. मोठा तलाव नगराला पाणी देई, आजूबाजूच्या जमिनीत ओल टिकवी आणि त्या ओलीवर परसातील आड भरत. तलाव आणि आड यांचे हे नाते लक्षात न घेतल्यास केवळ घरगुती आडाचा इतिहास अपुरा राहतो.

कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात (दहाव्या शतकाचा उत्तरार्ध ते बारावे शतक) या भागात मंदिरबांधणीस जोर आला. देगलूर तालुक्यातील होट्टल व लातूर जिल्ह्यातील निलंगा येथील मंदिरे या परंपरेतील आहेत. मंदिराशी जलाशय जोडलेला असणे हा त्या काळचा सर्वसाधारण प्रघात होता. माहूर येथील मातृतीर्थ, तसेच शेजारच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूरचे कल्लोळतीर्थ यांतून तीर्थ व जलाशय यांचा हा संबंध आजही दिसतो. लातूरच्या पापविनाशक मंदिरातील लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या काळातील आहे. याच सोमेश्वराच्या नावावर असलेल्या मानसोल्लास या संस्कृत कोशवजा ग्रंथात राजाच्या विनोदांचे व क्रीडांचे सविस्तर वर्णन येते. त्यात कृत्रिम टेकडी रचून केलेली भूधरक्रीडा, उद्यानातील वनक्रीडा, रंगीत व सुगंधी पाणी शिंपण्याची सेचनक्रीडा आणि जलाशयातील तोयक्रीडा यांना स्वतंत्र स्थान आहे. मत्स्यविनोदाच्या प्रकरणात माशांच्या सु. ३५ जाती व त्यांना घालावयाची आमिषे सांगितली आहेत. शोभेच्या पाण्याचा विचार या प्रदेशात बाराव्या शतकात किती बारकाईने होत होता, हे त्यावरून कळते. मात्र हा विचार राजगृहाचा होता.

सामान्य लोकांच्या विहिरीविषयीचे ज्ञान अन्य ग्रंथांतून आढळते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) दकार्गल नावाचे प्रकरण असून त्यात जांभूळ, उंबर यांसारखी झाडे, वारुळे व मातीचे रंग यांवरून भूजलाचा ठाव कसा घ्यावा, हे सांगितले आहे. त्यातील काही संकेत निरीक्षणावर आधारलेले आहेत. सर्वच विश्वसनीय आहेत असे नाही. मराठवाड्यातील पानाड्यांच्या विद्येतही झाडे व वारुळे यांना असेच महत्त्व आहे. याच प्रकरणात विहिरीचे पाणी निवळण्यासाठी नागरमोथा, वाळा, आवळा व निवळीचे बी यांचा योग दिला आहे. निवळीचे बी दगडावर उगाळून पाण्यात मिसळल्यास गढूळपणाचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. मात्र त्यामुळे रोगजंतूंचा पूर्ण नाश होत नाही. धर्मशास्त्राने वापी, कूप व तडाग बांधणे हे पूर्तकर्म मानले आणि जुन्या जलाशयाच्या जीर्णोद्धाराचे पुण्यही मोठे सांगितले. निगेच्या कामाला दिलेले हे धार्मिक अधिष्ठान समाजाच्या व्यावहारिक गरजेतून आलेले दिसते.

किल्ल्यांतील हौद व कारंजी : बहमनी सत्तेच्या स्थापनेनंतर (१३४७) औसा, उदगीर व कंधार हे किल्ले लष्करी दृष्ट्या महत्त्वाचे ठरले. पुढे त्यांच्यासाठी दख्खनी शाह्या व मोगल यांत झगडे झाले. मोगलांनी कंधार १६३१ मध्ये, तर औसा व उदगीर १६३६ मध्ये घेतले. हे तिन्ही भुईकोट असल्याने त्यांच्या संरक्षणाचा भार तटाइतकाच खंदकावर होता आणि आतील शिबंदीसाठी खात्रीचे पाणी लागे. औसा येथील किल्ल्यात पायऱ्यांच्या विहिरी व पाण्यालगतच्या थंड दालनांचा जलमहाल आहे. उदगीर व कंधार येथील महालांच्या आवारांत हौद व कारंज्यांचे अवशेष आढळतात. नळदुर्ग (जि. धाराशिव) येथे बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या भिंतीतच १६१३ मध्ये पाणीमहाल बांधण्यात आला. सांडव्यावरून कोसळणारा प्रवाह आतील दालनातून पाहता येईल अशी त्याची योजना असून आवारातील शोभेच्या पाण्याचे या भागातील ते सर्वांत भव्य उदाहरण आहे.

पंपाच्या अभावी कारंजे केवळ उंचीवरील पाण्याच्या दाबाने उडे. पुरवठ्याचा हौद कारंज्याच्या तोटीपेक्षा जितका उंच, त्याहून नेहमी काहीशा कमी उंचीपर्यंत धार जाते. कारण नळातील घर्षणात दाब खर्च होतो. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नहर बांधून डोंगराकडील भूजल खापरी नळांनी शहरात आणले, तेव्हा ही उंची निसर्गतः मिळाली. तेथील पाणचक्कीच्या हौदास पुरेसे पाणी व दाब मिळतो, तो डोंगराकडून आलेल्या अशाच नहरीमुळे. औसा वा कंधार यांसारख्या सपाटीवरील किल्ल्यांत अशी सोय नव्हती. अशा ठिकाणी बैलांच्या मोटेने पाणी उंचावरील टाकीत चढवावे लागे व तेथून ते नळाने हौदाकडे सोडावे लागे. म्हणून कारंजे हे सतत चालणारे साधन नव्हते. ते प्रसंगी सुरू करीत. बैल, मोटकरी व नळांची देखभाल यांचा खर्च करणारी सत्ता गेली, की कारंजे बंद पडे आणि हौद पावसाच्या पाण्यापुरता उरे.

वाड्यातील आड व हौद : मराठवाड्यातील जुन्या वाड्याची सर्वसाधारण रचना प्रवेशाजवळील ढाळज, चौक, चौकाभोवतीचे सोपे, वर मातीचे माळवद आणि मागे परस अशी असे. आड चौकाच्या कोपऱ्यात किंवा परसात असे. त्याच्या कडेला दगडी डोण, धुण्याचा दगड व न्हाणी असून तेथील सांडपाणी चरीने केळी, अळू व फुलझाडे यांकडे वळविलेले असे. वापरलेले पाणी पुन्हा आडात झिरपू नये म्हणून आडाभोवती उतार दिलेला फरसबंदीचा ओटा करीत. न्हाणी व शौचकूप आडापासून दूर ठेवण्याचा दंडक सर्वत्र पाळला जात नसे. दाटीच्या वस्तीत आडाचे पाणी दूषित होण्याचे ते एक प्रमुख कारण ठरले.

बांधकामाची पद्धती : आड उन्हाळ्याच्या अखेरीस, पाण्याची पातळी सर्वांत खाली असताना खोदीत. त्या वेळी लागलेले पाणी हेच खात्रीचे पाणी होय. खोदकाम बहुधा वडार व बेलदार करीत आणि दगडघडाई पाथरवट करीत. मुरमाच्या भागापर्यंत घडीव वा ओबडधोबड दगडांचे कडे रचीत आणि झऱ्याच्या पातळीवर सांधे चुन्याने न भरता मोकळे ठेवीत. वरच्या भागातील सांधे मात्र बंद करीत, त्यामुळे पृष्ठभागावरील घाण आत झिरपत नसे. कठडा जमिनीपासून पुरेसा उंच ठेवणे हे मूल, जनावर व पुराचे पाणी या तिन्हींपासून रक्षण करण्यासाठी आवश्यक असे.

हौदाचे काम अधिक कौशल्याचे होते. दगडी भिंतीला आतून चुन्याचा गिलावा देत. चुना बैलाच्या घाणीत मळीत व त्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळीत. सुरखीतील सिलिका व ॲल्युमिना यांची चुन्याशी रासायनिक क्रिया होऊन पाण्यातही घट्ट होणारा संयुक्त पदार्थ तयार होतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा व ताग यांचाही वापर चुन्यात केला जाई. काम झाल्यावर गिलावा अनेक आठवडे ओला ठेवून हळूहळू पक्का होऊ देणे, ही यशाची गुरुकिल्ली होती. घाईने सुकलेल्या गिलाव्यास बारीक भेगा पडतात. तळाला एका कोपऱ्याकडे उतार व तेथे मोरी ठेवीत. त्यामुळे हौद पूर्ण रिकामा करून धुता येई. आज सिमेंटचे हौद बांधतानाही काळ्या मातीवरील पाया, उतार, मोरी व पुरेसे पाणी मारणे हे चारही नियम तसेच लागू पडतात.

निगा : जुन्या व्यवस्थेत निगेचे काम पंचांगाला जोडलेले असे. वैशाखात आड उपसून गाळ काढीत. गाळ काढणारा माणूस खाली उतरण्यापूर्वी पेटता दिवा दोराने सोडून पाहत. दिवा विझल्यास आत प्राणवायू अपुरा आहे असे समजून कोणी उतरत नसे. दिवा तेवत राहिला म्हणजे आतील हवा सर्वस्वी निर्धोक आहे, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. कारण काही विषारी वायू दिव्याने ओळखता येत नाहीत. म्हणून आज हवा खेळती करणे, कमरेस दोर बांधणे व वर किमान दोन माणसे ठेवणे आवश्यक मानले जाते. मृगाच्या पावसापूर्वी ओट्याच्या भेगा बुजविणे, कठड्याच्या सांध्यांत उगवलेली वड–पिंपळाची रोपे मुळासकट काढणे आणि पहिल्या पावसाचे छपरावरील पाणी वाहू देणे, ही कामे ठरलेली असत. सांध्यातील पिंपळाचे रोप ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुष्कळ बारवांच्या नाशास कारण झाली आहे. त्याची मुळे जाड होत गेली, की घडीव दगडही जागचे हलतात.

पाणी निर्जंतुक करण्यासाठी विसाव्या शतकात विरंजक चूर्णाचा (ब्लिचिंग पावडरचा) वापर रूढ झाला. दर १,००० लि. पाण्यास उत्तम प्रतीचे सु. २·५ ग्रॅ. चूर्ण लागते. दीड मी. व्यासाच्या आडात चार मी. पाणी असल्यास ते सु. ७,००० लि. भरते व त्यास सु. १८ ग्रॅ. चूर्ण पुरते. चूर्ण थोड्या पाण्यात कालवून वरचे निवळ पाणी पोहऱ्याने आडात खोलवर हलवून मिसळतात व किमान एक तासानंतरच पाणी वापरतात. शोभेच्या हौदात मासे असल्यास हा उपाय चालत नाही, कारण क्लोरिनाने मासे मरतात. तेथे डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे उपयुक्त ठरते. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील मासे विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आले व पुढे हिवताप-नियंत्रणासाठी त्यांचा वापर झाला. त्यांना नैसर्गिक ओढ्यांत व तळ्यांत सोडणे मात्र टाळावयास हवे, कारण ते स्थानिक माशांच्या जातींना अपायकारक ठरू शकतात. कमळ लावावयाचे झाल्यास ते तळाशी ठेवलेल्या मातीच्या कुंडीत लावणे श्रेयस्कर. त्यामुळे हौद धुताना कुंडी उचलता येते. जलपर्णी शोभिवंत दिसली, तरी तिची वाढ अतिशय वेगाने होत असल्याने ती लावू नये.

पाण्यावरील हक्क : आवारातील जलाशयाची दुसरी बाजू सामाजिक आहे. वाड्यातील आड हा कुटुंबाच्या मालकीचा व सोवळ्याच्या नियमांनी बांधलेला असे; सार्वजनिक बारवेवरही सर्वांना सारखा प्रवेश नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना बारवेच्या पायऱ्या उतरण्याची मनाई होती. त्यांना दूरच्या ओढ्यात झिरा खोदावा लागे किंवा कोणी वरून पाणी घालील याची वाट पाहत बसावे लागे. ज्या वडारांनी विहीर खोदली व पाथरवटांनी चिरे घडविले, त्यांनाही तयार विहिरीवर बरोबरीचा हक्क मिळेलच असे नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाड येथील चवदार तळ्यावर केलेल्या सत्याग्रहाने हा प्रश्न पाण्याचा असूनही केवळ पाण्यापुरता नाही, हे स्पष्ट केले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर व संविधानाने १९५० मध्ये सार्वजनिक विहिरी, तलाव व घाट यांच्या वापरातील भेदभावास बंदी घातल्यावर कायद्याची स्थिती बदलली. व्यवहार मात्र सावकाश बदलला. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने झालेली ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ याची साक्ष आहे. बारवांच्या सौंदर्याचे वर्णन करताना ही मनाई विसरता येत नाही.

ऱ्हासाची कारणे : आड व बारव यांचा ऱ्हास केवळ अनास्थेतून झाला, असे म्हणणे अपुरे ठरेल. त्यामागे एक आरोग्यविषयक कारण होते. बारवेत उतरलेल्या माणसाच्या पायाच्या फोडातून नारूच्या कृमीची पिले पाण्यात पडत, सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या शरीरात वाढत व ते पाणी गाळल्यावाचून पिणाऱ्याच्या पोटात जात. सु. एक वर्षानंतर त्याच्या त्वचेतून कृमी बाहेर पडे. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात (१९८३–८४ पासून) पायऱ्यांच्या विहिरींचे शेंदून पाणी काढण्याच्या विहिरींत रूपांतर करणे व पाणी गाळून घेणे यांवर भर देण्यात आला. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला व २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. हे यश मोठे आहे. त्याबरोबरच पाण्यात माणसे उतरणारी बारव पिण्याच्या पाण्यासाठी अयोग्य ठरली, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरे कारण तांत्रिक होते. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास कठीण खडक भेदणारी यंत्रे व विंधन विहिरी यांचा प्रसार झाला. साध्या ओतीव लोखंडी हातपंपांत वारंवार बिघाड होत असल्याने जालना व सोलापूर येथील मिशन संस्थांनी अधिक टिकाऊ हातपंप विकसित केले. सोलापूरच्या पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा जगभर वापरला गेलेला हातपंप सिद्ध झाला. मराठवाड्याच्या परिसरातून जगाला मिळालेली ही देणगी होय. विंधन विहिरीने बायकांची पायपीट कमी केली. तथापि विजेचे पंप बसल्यावर खोल थरांतील पाणी उपसले जाऊ लागले आणि उथळ आड कोरडे पडले. नळाचे पाणी घरात आल्यावर आडाचा वापर थांबला. वापर थांबल्यावर उपसा थांबला. पुष्कळ ठिकाणी मग आडावर फरशी टाकून त्यात कचरा वा सांडपाणी सोडण्यात आले. नांदेडच्या नंदगिरी किल्ल्यात शहराच्या पाणीपुरवठ्याची यंत्रणा व बाग झाली, हे या बदलाचे सूचक उदाहरण आहे.

तिसरे कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारी येथील भूकंप होय. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदाची हजारो घरे त्यात कोसळली व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या घरांत सुरक्षिततेला प्राधान्य होते आणि ते योग्यच होते. परंतु चौक, परस व आड यांची एकत्र रचना जुन्या गावठाणातच मागे राहिली.

२०१६ चा अनुभव व पुढील दिशा : लातूर शहराचा नळपुरवठा मांजरा नदीवरील धनेगाव येथील धरणावर अवलंबून होता. सलग अपुऱ्या पावसाने ते कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरास पोचली. तिच्या १० वाघिणींतून सु. ५ लाख लि. पाणी आले, पुढे वाघिणींची संख्या वाढविण्यात येऊन ही वाहतूक ऑगस्टपर्यंत चालली. रेल्वेने आणलेले पाणी उतरवून घेण्यासाठी स्थानकाजवळील एका मोठ्या विहिरीचा उपयोग करण्यात आला. सु. चार लाख वस्तीच्या शहराला शेकडो किमी. वरून आलेले पाणी ठेवण्यासाठी अखेर विहीरच कामी आली. या काळात घरोघरी पिंपे व हौद भरून ठेवणे अपरिहार्य झाले. अशा साठवणुकीचा धोकाही ध्यानात घ्यावा लागतो : डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घरातील स्वच्छ, स्थिर पाण्यातच अंडी घालतो आणि त्याची वाढ सु. आठ ते दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून झाकण आणि आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करण्याचा दिवस हे दोन उपाय जुन्या उपसणीइतकेच महत्त्वाचे आहेत.

अलीकडच्या काळात मराठवाड्यात बारवांची स्वच्छता व नोंदणी यांना गती आली आहे. परभणी जिल्ह्यातील वालूर येथील चक्राकार पायऱ्यांची बारव गाळ काढून मोकळी करण्यात आली. महाशिवरात्रीस अनेक बारवांवर दीप लावण्याचा प्रघात पडला आहे. हे स्वागतार्ह असले, तरी एका दिवसाच्या स्वच्छतेने जलाशय जिवंत राहत नाही. परसातील आडापुरते पाहिल्यास पुनर्वापराचा मार्ग सोपा आहे. १०० चौ. मी. छपरावर ७०० मिमी. पाऊस पडल्यास ७०,००० लि. पाणी पडते, त्यातील ८० टक्के हाती लागले, तरी ५६,००० लि. होते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन उरलेले वाळू व खडीच्या गाळण्यातून आडात सोडल्यास आसपासच्या भूजलात भर पडते. असे पाणी परीक्षणाशिवाय पिण्यासाठी घेऊ नये. धुणे, परसबाग व शोभेचा लहान हौद यांसाठी ते पुरेसे चांगले असते. शोभेचा हौद करावयाचाच असेल, तर तो लहान, सावलीतील, रिकामा करता येईल असा आणि छपराच्या पाण्यावर भरणारा असावा. नळाच्या वा टँकरच्या पाण्यावर त्याचा भार टाकू नये.

जगत्तुंगसमुद्रापासून परसातील आडापर्यंतच्या या दीर्घ परंपरेत पाणी मिळविण्याची साधने अनेकदा बदलली. गाळ काढणे, भेग बुजविणे आणि पाणी सर्वांसाठी शुद्ध व खुले ठेवणे ही कामे मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागली आहेत. ज्या आडाचे वैशाखातील काम कोणाच्या तरी नावे ठरलेले आहे, तोच आड टिकतो.